बिनदारांच्या गावाशेजारचे दार

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की घोडेगावाशी शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो. (नगरचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण चाळीस वर्षे नगर म्हणत आलेली जीभ एकदम वळत नाही, तेव्हा या लेखापुरते नगरच चालवून घ्यावे.) शनी अमावस्या असली म्हणजे या फाट्यावर गाड्यांची अशी दाटी होते की, पायी निघालेला माणूस आधी पोचतो. शिंगणापूरची ख्याती वाचकांना ठाऊकच आहे. देवाला देऊळ नाही, उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, वर आभाळ. आणि गावातल्या घरांना दारे नाहीत. २०११ साली तेथे युको बँकेची शाखा उघडली, तीही कुलुपावाचून. पुढे २०१६ साली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुढीपाडव्याच्या दिवशी बायकांना चौथऱ्यावर जाण्याची वाट मोकळी झाली आणि २०१८ साली विधिमंडळाने या एका देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा केला. गाव लहान, पण त्याच्या देवाची दखल न्यायालयाला घ्यावी लागते, विधिमंडळाला घ्यावी लागते, आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला तर घ्यावीच लागते. अर्ज भरण्यापूर्वी शनीला तेल घालून येण्यात आपल्याकडे कोणालाच काही वावगे वाटत नाही.

आता फाट्याला न वळता सरळ पुढे जाऊ. थोड्याच मैलांवर वडाळा बहिरोबा लागते. बसमधले बहुतेक प्रवासी तेथे मान वर करून बघतही नाहीत. हे वडाळे म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. चर्च, शाळा, चिंचेची झाडे आणि पिढ्यान्‌पिढ्या रविवारची घंटा ऐकत आलेली माणसे. तालुका तोच, नेवासे. ज्ञानेश्वरांनी ज्या भूमीत गीतेला मराठी बोलायला लावले तोच. पीक तेच, दुष्काळ तोच, मुळेच्या पाटाच्या आवर्तनाची चिंता तीच. फक्त या माणसांचा देव वेगळा. या देवाची निवडणुकीच्या दिवसांत कोण, किती दखल घेते? आणि त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या माणसाचे मत त्या विश्वासामुळे कोठे झुकते? गेली काही वर्षे हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. राजकारण हा माझा विषय नव्हे. पण नगरमध्ये मराठी शिकवणाऱ्याला ख्रिस्ती समाज टाळताच येत नाही. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार या शहरात झाला. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली येथेच निघाले. 'स्मृतिचित्रे' शिकवताना मुलांना मी सांगतो की, या पुस्तकातले नगर अजून पुष्कळसे शिल्लक आहे, जाऊन पाहा. एकदा एका मुलाने विचारले, "सर, ही माणसं मत कुणाला देतात?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र खोडसाळ नव्हता. तो मुलगा गावच्या राजकारणात मुरलेल्या घरातला होता. कोणता समाज कोणाकडे जातो याची बेरीज त्याने लहानपणापासून ओसरीवर ऐकलेली होती. त्या बेरजेत एक घर रिकामे होते, एवढेच त्याला विचारायचे होते.

प्रथम ही माणसे कोण ते पाहू. अमेरिकन मिशनरी नगरला आले ते १८३१ साली. पहिली कित्येक वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे ख्रिस्ती झाली. मग १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि त्या सुमारास व त्यानंतर महार आणि मांग समाजांतील कुटुंबेच्या कुटुंबे, कधी अर्धा वाडा, चर्चमध्ये आली. प्रॉटेस्टंटांच्या मागोमाग कॅथलिक पंथाचे जर्मन जेझुइट पाद्रीही जिल्ह्यात पसरले. पोटासाठी धर्म बदलला, असे एका वाक्यात बोलून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पोट हे कारण होतेच. पण विहिरीवर पाणी भरू न देणारे गाव आणि अंगणात बोलावून पाटीवर अक्षर गिरवून घेणारा साहेब, यांत माणसाने साहेबाकडे पाहिले तर त्यात नुसते पोट नसते. वडाळ्याचे सॅम्युअल फेअरबँक हे अशांपैकीच एक. त्यांना शेतीचा नाद, पाखरांचा नाद. दक्षिणेतल्या एका पाखराच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव अजून आहे.

ही श्रद्धा परदेशातून आली, पण पाहता पाहता मराठी झाली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी अभंगात ख्रिस्त गायिला, कीर्तनात तो उभा केला, आणि अखेर १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. आजही नगर भागातल्या चर्चमध्ये टाळ-मृदंगावर भजन चालते. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. तिथे लोटणारी गर्दी, नवसाच्या मेणबत्त्या आणि रेवड्यांची दुकाने पाहिली की ही यात्रा कोणत्या धर्माची, हे परक्याला चटकन सांगता यायचे नाही. तेव्हा या लोकांच्या भक्तीत काही उणे आहे असे कोणी समजू नये. रविवारी शेतातले काम टाकून स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत चर्चला जाणारी म्हातारी मी पाहिली आहे, आणि एकादशीला पंढरीच्या वाटेवर असणारी माझी आजी मला तिच्यात दिसली आहे.

मग भक्ती एवढी, तर मते तिच्यामागून जात असतील, असा आपला शहरी तर्क. या तर्काला एक सोपे नाव आहे, 'गठ्ठा मते'. पाद्रीसाहेबांनी व्यासपीठावरून खूण करायची आणि सगळ्यांनी शिक्का मारून यायचे, असे चित्र आपण डोळ्यांसमोर आणतो. नेवासे तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे चित्र सांगितले. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे, चर्चच्या पंचकमिटीवर त्यांनी अर्धे आयुष्य काढलेले. ते खो खो हसले.

"निवडणुकीच्या आधीच्या रविवारी आमचे पाळक काय सांगतात म्हणता, सर? मतदानाला जा, आणि कुणाची दारू घेऊ नका. एवढंच. पहिलं सगळे ऐकतात, दुसरं थोडे."

"मग मत ठरतं कशावर?"

"पाटाच्या पाण्यावर. उसाला तोड कधी मिळाली त्यावर. पोराला कारखान्यात कुणी चिकटवलं त्यावर. तुमचं कशावर ठरतं?"

या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पण मास्तरांचे म्हणणे जिल्ह्याच्या राजकारणाशी जुळणारे होते. शिंगणापूरच्या अंगणातच सोनईला मुळा सहकारी कारखाना आहे, भेंड्याला ज्ञानेश्वर कारखाना आहे. ऊस, सोसायटी, दूध संघ आणि शाळा यांच्या जाळ्यात जो मतदार सापडला आहे त्याला देवाने सांगितलेले मत देण्याची चैन परवडत नाही. आणि संख्येचा हिशेबही पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती होते सुमारे दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे शेकडा एकाला किंचित कमी. विधानसभेच्या २८८ मतदारसंघांत ते सारखे वाटले तर प्रत्येकी पावणेचार हजार डोकी येतील, तीही पाळण्यातल्या मुलांसकट. अर्थात ते सारखे वाटलेले नाहीत. मुंबई, वसई, पुणे, नगर अशा ठिकाणी ते अधिक आहेत. तरी वसईसारखा एखादा भाग सोडला तर त्यांचा गठ्ठा बांधायचा म्हटले तरी दोरी मोठी आणि काटक्या थोड्या.

जेथे संख्या आहे तेथे काय होते, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर विचार एकांगी होईल. केरळात १९५७ साली आलेल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळाच्या शिक्षणविधेयकाविरुद्ध चर्च उघडपणे आंदोलनात उतरले. त्यात इतरही समाज होते. ३१ जुलै १९५९ रोजी ते मंत्रिमंडळ बरखास्त झाले. गोव्यात १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत एका बाजूला बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि दुसऱ्या बाजूला जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, अशी विभागणी झाली. आणि बहुतांशी हिंदू बहुजन इकडे, ख्रिस्ती तिकडे असेच तिचे रूप होते. पण चारच वर्षांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही असा कौल घेतला तेव्हा विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती होते शेकडा चाळिसाच्या आत. म्हणजे हिंदू मतांची मोठी भर पडल्यावाचून तो निकाल लागणे शक्य नव्हते. मत जर निव्वळ देवावर ठरत असते, तर हे गणित जमलेच नसते.

आणि ज्या देशातून वडाळ्याला मिशनरी आले त्या अमेरिकेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तेथे मतदानानंतर पाहण्या होतात. २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतल्या आठांनी ट्रंप यांना मत दिले, असे त्यांत आढळले. नियमाने चर्चला जाणारा गोरा प्रॉटेस्टंट बहुधा रिपब्लिकन, असे तेथील अभ्यासक कित्येक वर्षे सांगत आले आहेत. पण त्याच देशात, तेच बायबल वाचणारे आणि चर्चला त्यांच्याइतक्याच किंवा अधिकच निष्ठेने जाणारे काळे प्रॉटेस्टंट प्रचंड बहुमताने दुसऱ्या पक्षाला मत देतात. पुस्तक एक, प्रार्थना एक, आणि मत मात्र विरुद्ध टोकाचे. कारण मतदानाच्या खोलीत माणूस आपली सारी वंशकथा बरोबर घेऊन जातो. गुलामीत राबलेल्या पणज्याची आठवण स्तोत्रापेक्षा मोठ्याने बोलते. नगरकडेही तसेच. चर्चमधला माणूस मत देतो तो ख्रिस्ती म्हणून थोडा, आणि या गावच्या शिवेबाहेरच्या वस्तीतला माणूस म्हणून जास्त.

महाराष्ट्रात जी ख्रिस्ती माणसे राजकारणात मोठी झाली, तीही ख्रिस्ती मतांवर झाली नाहीत. मुंबईच्या माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा लोकमान्यांचे उजवे हात होते. १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना प्रेमाने 'काका' म्हणत. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्याला जॉर्ज फर्नांडिसांनी पाडले. पाद्री होण्यासाठी सेमिनरीत गेलेला आणि तेथून बाहेर पडलेला हा तरुण मुंबईत कामगारांचा पुढारी झाला होता. त्याचा देव कोणता, हे मते देणाऱ्यांनी विचारले नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्न उरला कोठे? श्रद्धा मताला बांधत नाही, मतदार शहाणा आहे, सर्व काही ठीक आहे. मलाही तसेच वाटत होते. पण मास्तरांनी मला एक कोडे घातले, आणि त्यात मला या विषयाचे खरे मर्म दिसले.

"आमच्या मताचं सोडा," ते म्हणाले, "उमेदवारीचं विचारा. आमचे पणजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ एका घरात वाढले. पणजोबा ख्रिस्ती झाले. भावाचा वंश तसाच राहिला आणि बाबासाहेबांच्या हाकेनं बौद्ध झाला. आज माझा पुतण्या आणि त्या घरचा मुलगा एकाच कारखान्यात आहेत, एकाच पाटावर पाणी भरतात, गाव दोघांनाही एकाच नावानं ओळखतं. तो मुलगा शिर्डीच्या जागेवर खासदारकीला उभा राहू शकतो. माझा पुतण्या नाही. सांगा, कुणाचं काय चुकलं?"

कोड्याचा उलगडा असा. २००९ पासून शिर्डी लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला, आणि नेवासे तालुका, म्हणजे शिंगणापूर आणि वडाळे दोन्ही, त्यात येतो. शेजारचा श्रीरामपूर विधानसभा मतदारसंघही तसाच राखीव. आता अनुसूचित जातीचा कोण, हे ठरते १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असे की, हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली यात शीखांची भर पडली. नवबौद्धांना महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या काळात राज्याच्या सवलती मिळू लागल्या, पण राखीव जागेवर उभे राहण्याची वाट त्यांना मोकळी झाली १९९० साली, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. म्हणूनच २००९ साली रामदास आठवले शिर्डीतून उभे राहू शकले. ते हरले ही गोष्ट निराळी. हरण्याचा तरी हक्क त्यांना होता. ख्रिस्ती माणसाला तोही नाही. तो राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत येतो, पण लोकसभेत व विधानसभेत त्या वर्गाला राखीव जागाच नाहीत. ग्रामपंचायतीत त्या जागा मिळतात, तर तेथे जमीनदार आणि संख्येने मोठ्या जातींशी गाठ. खुल्या जागेवर उभे राहायला कोणी अडवत नाही हे खरे. पण कारखान्याच्या जिल्ह्यात खुली जागा किती खुली असते, हे नगरच्या वाचकाला मी सांगायला नको.

मताचा हक्क सर्वांना सारखा. उभे राहण्याचा मात्र देव विचारून. माझ्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न असा फिरून उलटा झाला. श्रद्धा मताला वळण देते का, हे मी शोधत होतो. आणि मिळाले ते हे, की श्रद्धेवरून कायदाच माणसाची जागा ठरवतो.

यात आणखी एक वेदना आहे. जो नावापुरता ख्रिस्ती आहे, चर्चच्या नोंदवहीत ज्याने नाव घातलेले नाही आणि ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांची जुनी जात आहे, त्याचे दार बंद होत नाही. जो मनापासून मानतो, बाप्तिस्मा घेतो, रजिस्टरात सही करतो, त्याचे होते. म्हणजे निष्ठा जितकी उघड, तितका तोटा पक्का. मग काही घरांतून दोन नावे राहतात, एक दाखल्यावरचे आणि एक चर्चमधले. आणि पोराला लहानपणीच शिकवावे लागते की, मास्तरांनी विचारले तर कोणते सांगायचे. यात लबाडी पाहणारे पाहोत. मला तरी त्यात, पोटच्या मुलाला देवाविषयी खोटे बोलायला शिकवणाऱ्या आईचे दुःख दिसते.

या गोष्टीचा पूर्वेतिहास पाहिला तर मनाला आणखी चुटपुट लागते. इंग्रजांनी स्वतंत्र मतदारसंघांचे गाजर पुढे केले तेव्हा ख्रिस्ती पुढाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नाकारले होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत के. टी. पॉल यांनी आणि पुढच्या वर्षी एस. के. दत्त यांनी स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध बाजू मांडली. सगळ्यांचे मत एक नव्हते, तरी हा आवाज मोठा होता. तरीही १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या जागा ठेवल्याच. मुंबई विधानसभेत १७५ पैकी तीन. मग स्वराज्य आले. घटना समितीचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती, इंग्रजीचे प्राध्यापक. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे तेच अध्यक्ष. १९४९ च्या मे महिन्यात सरदार पटेलांनी धर्माच्या नावावरचे राखीव मतदारसंघ रद्द करण्याचा अहवाल मांडला तेव्हा मुखर्जी आणि जेझुइट फादर जेरोम डिसोझा यांनी त्याला मनापासून साथ दिली. आम्हांला वेगळी जागा नको, बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर आमचा विश्वास आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मूठभर समाजाने एवढा भरवसा ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच तो १९५० चा आदेश निघाला.

शनीची साडेसाती साडेसात वर्षांत उतरते असे आपण मानतो. या आदेशाला २०२५ साली पंचाहत्तर वर्षे झाली. म्हणजे अशा दहा साडेसात्या. मध्यंतरी पुष्कळ हालचाल झाली. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली, अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून सोडवावा अशी शिफारस केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. न्यायालयांपुढे कोडी येतच राहिली. १९८४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी उपमा योजली की, धर्मांतराने माणसाच्या जातीला ग्रहण लागते. तो परत फिरला की ग्रहण सुटते. म्हणजे जात गेलेली नसते, झाकलेली असते. हेच तर मास्तर म्हणत होते! गावाला ती झाकलेली जात लख्ख दिसते. न दिसते ती फक्त सरकारी कागदाला.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. पहिला आक्षेप असा, की ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला? तत्त्व म्हणून हे खरे, आणि टिळकांसारख्यांनी त्यासाठीच जिवाचे रान केले. पण जात बायबलात नसली तरी विहिरीवर होती, लग्नात आहे, आणि देशात काही ठिकाणी तर ती चर्चच्या बाकांपर्यंत व दफनभूमीपर्यंत पोचली आहे. बुद्धाच्या धर्मातही जात नाही. तरी बौद्धांचे दुःख कायद्याने ओळखले, आणि योग्य केले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज त्या राखीव जागांवर जे दलित हिंदू आणि बौद्ध हक्काने उभे राहतात, त्यांच्या ताटातला घास नवे वाटेकरी काढून घेतील, अशी भीती ते बोलून दाखवतात. मिशनच्या शाळांत शिकलेली मुले पुढे जातील, असेही म्हणतात. ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. पण तिचे उत्तर ताट मोठे करण्यात आहे, भावाभावांत एकाला पंक्तीबाहेर बसवण्यात नाही.

तिसरे म्हणणे माझ्या मित्रांचे. ते म्हणतात, ख्रिस्ती समाजाला राजकारणाची गरजच काय? त्यांचा प्रभाव तर शाळा-इस्पितळांतून आहेच. तो आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. १९४७ साली भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा जिल्ह्यातल्या मुलांना पुण्याची वाट न धरता शिकता आले. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्विस पाद्री. त्यांनी नगर जिल्ह्यात पाणलोटाची कामे उभी केली, आणि बोडक्या टेकड्यांखालच्या विहिरींना पाणी आले. ते पाणी कोणत्या धर्माच्या शेतात गेले, हे कोणी मोजले नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी उभे राहिले आणि २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मताच्या पेटीवाचून मिळवलेले हे वजन थोर आहेच. परंतु सेवेने मिळालेला मान आणि नागरिक म्हणून मिळणारा हक्क यांत फरक आहे. मान दुसऱ्याने द्यायचा असतो. हक्क मागावा लागू नये.

निवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागू नये, असे आपला कायदा १९५१ पासून सांगतो. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, २०१७ साली तो नियम अधिक कडक केला: उमेदवाराच्या धर्माच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. फार चांगले झाले. उमेदवाराने मतदाराचा देव विचारू नये, हे ठरले. मग निवडणूक अधिकाऱ्याने तरी राखीव जागेवरच्या उमेदवाराचा देव का विचारावा? दोन्ही नियम एकाच निवडणुकीचे; एक धर्माला मतपेटीपासून दूर ठेवतो, दुसरा त्याला उमेदवारी अर्जाच्या टेबलावर आणून बसवतो.

मास्तरांचा पुतण्या काही खासदार होणार नव्हता. तो ऊसतोडीच्या मुकादमांशी भांडतो, गावातल्या पोरांना फॉर्म भरून देतो, पंचायतीच्या सभेत उठून बोलतो. त्याच्यासारखे तरुण प्रत्येक वस्तीत असतात, आणि त्यांतूनच कधी एखादा पुढारी निपजतो. त्याला लोकांनी पाडले असते तर तो हसून घरी आला असता. "काका, नाव मागं घेतलं असतं तर काम झालं असतं," असे तो मास्तरांना म्हणाला होता. नाव म्हणजे उमेदवारी अर्जावरचे नव्हे, बाप्तिस्म्याचे. मास्तरांनी त्याला काय उत्तर दिले, हे मी विचारले.

"म्हटलं, तुझं तू ठरव. पण पणज्यानं ज्या नावासाठी गाव सोसलं, ते एका फॉर्मसाठी खोडू नको. फॉर्म बदलेल कधीतरी."

तो बदलावा असे ज्यांना वाटते त्यांनी ते बोलले पाहिजे, आणि ज्यांचे त्यात काही अडलेले नाही अशा आपल्यासारख्यांनी तर आधी बोलले पाहिजे. शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत याचे आपल्याला केवढे कौतुक! ते गाव ज्या मतदारसंघात आहे तेथे एक दार आहे, आणि ते पंचाहत्तर वर्षे ठराविक माणसांच्या तोंडावर लावलेले आहे, एवढे या दिवाळीत घरोघर माहीत झाले तरी पुष्कळ झाले.